एकाच टोनरचे पाच भाव : तालुक्याच्या दुकानदाराचा हिशेब

(या भागातलं बोलणं थोडं नीटनेटकं करून इथं दिलं आहे. बसमध्ये रेंज नसेल, हेडफोन घरी राहिला असेल, तर वाचून घ्या.)

 

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, टोनरवर कोणी अख्खा भाग करतं का? तर करतं. कारण आपल्या झाडीपट्टीत बारावी, आयटीआय, बीए झालेली बरीच पोरं-पोरी झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, कॉम्प्युटर दुरुस्ती असं दुकान टाकतात. दुकान टाकलं की वर्षभरात हळूहळू टोनरही विकायला लागतात. आणि तिथंच पैसा अडकतो.

प्रश्न साधा आहे. सिंदेवाहीत दुकान आहे. १२ए टोनर विकायचा आहे. नागपूरचा होलसेलवाला एक भाव सांगतो, चंद्रपूरचा दुसरा. ऑनलाइन तिसराच दिसतो. डब्यावरची एमआरपी चौथी, आणि बाजूचा दुकानदार ‘ओरिजिनल’ म्हणून ज्या भावात देतो तो पाचवा. मग आपण किती लावायचा?

आज याचं उत्तर शोधू. कागद-पेन जवळ असेल तर घ्या, थोडी आकडेमोड आहे.

सिंदेवाहीत पानं कोण छापतं?

आधी गिऱ्हाईक ओळखू. सिंदेवाही तालुक्याचं ठिकाण. तहसील आहे, पंचायत समिती आहे, नगरपंचायत आहे, बँका आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं धानाचं संशोधन केंद्र आहे. ब्रह्मपुरी वनविभागाचं वनपरिक्षेत्र कार्यालय आहे. नवरगाव, गुंजेवाही, वासेरा, रत्नापूर अशा गावांत शाळा आणि ग्रामपंचायती आहेत. आणि बाजाराच्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानापुढे गर्दी असते.

ही मागणी बारा महिने सारखी नसते, हे लक्षात ठेवा. जून-जुलैत शाळा-कॉलेजचे प्रवेश आणि जातीचे, उत्पन्नाचे दाखले. दिवाळीच्या आसपास धान खरेदीची नोंदणी, म्हणजे सातबारा, आधार, पासबुक यांच्या प्रती. मधेच एखादी योजना येते. १ जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा झेरॉक्सवाल्यांकडे काय रांगा होत्या, ते तुम्ही पाहिलंच असेल. आणि आपल्या भागाचं एक वेगळं दुखणं आहे. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला, जनावर गेलं, रानडुकरानं धान तुडवलं, की नुकसानभरपाईची फाईल करावी लागते. पंचनामा, दाखले, ओळखपत्रं, सगळ्याच्या प्रती.

कोणी म्हणेल, आता सगळं ऑनलाइन झालं. झालं ना. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. पण तो डाउनलोड केल्यावर लोक काय करतात? प्रिंट काढतात, आणि वर दोन झेरॉक्स. पडदा वाढला तसा कागद कमी होईल असं वाटलं होतं, पण तालुक्याच्या गावात तरी प्रिंटरला अजून उसंत नाही.

डब्यात चार प्रकारचा माल असतो

टोनर म्हणजे शाई नव्हे. ती बारीक प्लॅस्टिकची पूड आहे, रंगासाठी कार्बन आणि इतर घटक घातलेली. प्रिंटरमधला ड्रम ती पूड अक्षरांच्या आकारात कागदावर टाकतो आणि पुढचा गरम रोलर ती वितळवून कागदाला चिकटवतो. म्हणून लेझर प्रिंटरमधून पान गरम गरम बाहेर येतं.

बाजारात याचे चार प्रकार मिळतात. हे चार नीट समजले की निम्मा गोंधळ मिटतो.

एक, ओरिजिनल. प्रिंटरच्या कंपनीचा.

दोन, कॉम्पॅटिबल. दुसऱ्या कंपनीनं स्वतःच्या नावानं बनवलेला, पण त्याच प्रिंटरमध्ये बसणारा. हा विकणं पूर्ण कायदेशीर आहे.

तीन, रिफिल. जुन्याच कार्ट्रिजमध्ये नवी पूड भरलेली, गरज असेल तर ड्रम आणि वायपर ब्लेड बदललेले. हेही कायदेशीर. अमेरिकेत लेक्समार्क कंपनीनं रिफिल करून विकणाऱ्यांवर पेटंटचा खटला भरला होता. ३० मे २०१७ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कार्ट्रिज एकदा विकलं की कंपनीचा पेटंटचा हक्क संपला. तो निकाल भारताला लागू नाही, पण आपल्याकडेही रिफिलवर बंदी नाही.

चार, डुप्लिकेट. म्हणजे कॉम्पॅटिबल किंवा रिफिल माल एचपी, कॅननच्या नकली डब्यात भरून ओरिजिनल म्हणून विकलेला. हा गुन्हा आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९ प्रमाणे यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणून सुटायचं असेल तर माल कोणाकडून घेतला त्याचं पक्कं बिल लागतं. बिल नसेल तर बोलायला तोंड राहत नाही.

आता कळलं ना, बाजूवाल्याचा पाचवा भाव कुठून येऊ शकतो? ओरिजिनलचा भाव होलसेलपेक्षाही खाली दिसला तर खूश होऊ नका. डब्यावरचं सुरक्षा लेबल तपासा, बिल मागा. बिल द्यायला टाळाटाळ झाली की तिथून निघा.

माझं साधं म्हणणं आहे, बिलावर प्रकार लिहा. ‘१२ए कॉम्पॅटिबल’, ‘१२ए रिफिल’. एक शब्द जास्त लागतो, पण उद्या भांडण झालं तर तोच शब्द तुम्हाला वाचवतो.

भाव वर कुठे ठरतो?

ओरिजिनलची साखळी अशी असते. कंपनी माल देते देशभरच्या मोठ्या वितरकांना. रेडिंग्टन, इन्ग्राम मायक्रो, सेव्हेक्स, राशी पेरिफेरल्स ही नावं तुम्ही बिलांवर पाहिली असतील. त्यांच्याकडून माल नागपूरच्या होलसेलवाल्याकडे येतो, तिथून उमरेड, भिवापूर, नागभीड करत आपल्याकडे. प्रत्येक टप्प्यावर थोडं मार्जिन जोडलं जातं.

पण खरी गंमत बिलाच्या बाहेर असते. मोठ्या डीलरला कंपनी टार्गेट देते. तिमाहीत इतके डबे उचलले तर अमुक टक्के परत, तेही नंतर क्रेडिट नोटनं. मग तिमाही संपत आली, टार्गेटला थोडं कमी पडतंय, असा डीलर काय करतो? हातातलं मार्जिन सोडून माल काढतो. कधी खरेदीच्याही खाली विकतो, कारण मागून येणाऱ्या स्कीममध्ये त्याचं भरून निघतं. ऑनलाइन दिसणारा कमी भाव बऱ्याचदा असा आलेला असतो.

तुम्ही महिन्याला पाच डबे विकता. तुम्हाला ती स्कीम लागू नाही. म्हणजे ज्या भावाशी तुम्ही झुंजताय तो भाव तुमच्या खेळातला नाहीच. एमआरपी तर फक्त कमाल मर्यादा आहे. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, इतकाच तिचा अर्थ. गिऱ्हाइकाला ‘एमआरपीवर वीस टक्के सूट’ सांगून उपयोग नाही, तो मोबाइल काढतो आणि तुमच्यासमोर भाव बघतो.

आणि प्रिंटर स्वस्त, टोनर महाग, असं का? दाढीचं रेझर स्वस्तात द्यायचं आणि ब्लेडवर कमवायचं, ही जुनीच पद्धत आहे. नवा प्रिंटर घेताना गिऱ्हाइकाला हे दुकानातच सांगा. बऱ्याच प्रिंटरसोबत येणारं पहिलं कार्ट्रिज कमी पानांचं असतं, तेही सांगा. नाहीतर महिन्याभरात तो तुमच्यावरच चिडतो.

आता पानाचा हिशेब

डब्याचा भाव सोडा, पानाचा काढा. कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा १०२० हे दोन जुने प्रिंटर ऑफिसात आणि दुकानात तुम्ही कितीदा पाहिले असतील. एचपीला १२ए लागतं, कॅननला ३०३. एचपीच्या बऱ्याच लेझर प्रिंटरचं आतलं इंजिन सुरुवातीपासून कॅनन बनवत आलं आहे. त्यामुळे ही दोन कार्ट्रिज जवळपास एकच आहेत आणि एकच कॉम्पॅटिबल दोन्हीत चालतं. छोट्या दुकानाला हे फायद्याचं, एक माल ठेवून दोन गिऱ्हाइकं सांभाळता येतात.

कंपनी सांगते, १२ए मध्ये २००० पानं निघतात. पण ती पाच टक्के छपाईची पानं. म्हणजे पानाच्या शंभर भागांपैकी फक्त पाच भाग काळे. साधं पत्र असतं तसं. आधार कार्डाची झेरॉक्स, फोटो असलेला फॉर्म, ठळक रेघांचा तक्ता, यात काळं जास्त असतं. दहा टक्के छपाई झाली तर पानं निम्मी होतात.

आता आकडे बघा. हे समजायला घेतलेत, आजचा बाजारभाव म्हणून नका धरू.

समजा ओरिजिनल ४००० रुपयांना, २००० पानं. पानाला २ रुपये.
समजा कॉम्पॅटिबल ६०० ला, हाती येतात १५०० पानं. पानाला ४० पैसे.
समजा रिफिल ३०० ला, १२०० पानं. पानाला २५ पैसे.

वर कागद. ५०० पानांचं रीम ३०० ला धरलं तर पानाला ६० पैसे.

झेरॉक्सवाला गिऱ्हाइकाकडून २ रुपये घेतो. ओरिजिनल वापरलं तर त्याचा खर्च २ रुपये ६० पैसे, म्हणजे प्रत्येक पानाला ६० पैसे तोटा. कॉम्पॅटिबल वापरलं तर खर्च १ रुपया, हातात १ रुपया. त्याच कॉम्पॅटिबलवर आधार कार्डाच्या काळ्या झेरॉक्स काढल्या तर टोनरचेच ८० पैसे, आणि हातात राहतात ६० पैसे. त्यातून भाडं, वीज, कामावरचा पोरगा.

म्हणजे झेरॉक्सवाल्याला ओरिजिनल गळ्यात मारायला जाऊ नका, त्याचा धंदा बुडेल. उलट बँकेला, मोठ्या ऑफिसला रिफिल देऊ नका. त्यांना रोजची २० पानं काढायची असतात, पण ती अडली तर काउंटर अडतो. तिथं ओरिजिनलच शोभतं.

रिफिलनं वॉरंटी जाते का, हे सगळे विचारतात. एचपीच्या अटींत असं आहे, की दुसरं किंवा रिफिल कार्ट्रिज वापरलं म्हणून वॉरंटी जात नाही. पण त्याच कार्ट्रिजमुळे प्रिंटर बिघडला तर ती दुरुस्ती मात्र पैसे देऊन. नव्या मॉडेलमध्ये चिप असते, आणि प्रिंटर अपडेट झाला की दुसऱ्या कंपनीची चिप नाकारू शकतो. १२ए ला चिपच नाही, म्हणून ते जुने प्रिंटर लोक सोडत नाहीत. नव्या मॉडेलचं कॉम्पॅटिबल एकदम दहा नग उचलू नका. एक आणा, लावून बघा, मग पुढचे.

मार्जिन कुठे जातं? उधारीत

आता दुकानदाराच्या बाजूनं बघू. समजा ओरिजिनल तुम्हाला ३८०० ला पडला, ४००० ला विकला. हातात २०० रुपये. वाटतं बरं आहे.

पण गिऱ्हाईक म्हणालं, ‘भाऊ, बिल लावून ठेवा, निधी आला की देतो.’ निधी आला तीन महिन्यांनी. तुम्ही भांडवल महिना दीड टक्क्यानं आणलं असेल, तर ३८०० चे महिन्याला ५७ रुपये. तीन महिन्यांचे १७१. उरले किती? २९ रुपये. त्यात दोनदा चक्कर मारली तर पेट्रोलही निघत नाही. आणि जीएसटी? तो बिलावर लागतो, वसुलीवर नाही. पैसे आले नाहीत तरी सरकारकडे भरावाच लागतो.

इथं एक मेख आहे, नीट ऐका. एमएसएमई कायदा २००६ मध्ये छोट्या उद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळावेत अशी तरतूद आहे. अनेक दुकानदार म्हणतात, ‘माझं उद्यम प्रमाणपत्र आहे, मला काय भीती!’ पण किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून जी उद्यम नोंदणी मिळते, तिचा फायदा बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता आहे. उशिरा मिळणाऱ्या पैशांचं संरक्षण त्यात येत नाही. तुम्ही नुसते डबे विकत असाल तर तुम्ही व्यापारी. तेव्हा त्या प्रमाणपत्राच्या भरवशावर उधारी वाढवू नका.

माझ्या मते एकच नियम पाळा. उधारीला वेगळा भाव. रोख इतका, तीस दिवस इतका, त्यापुढे माल नाही. हे कोटेशनवरच छापा. तोंडावर ‘नाही’ म्हणायला जड जातं, कारण समोरचा ओळखीचा असतो, गावचा असतो. कागदावर लिहिलेलं असलं की तुम्हाला वाईट व्हावं लागत नाही.

कोणत्या गिऱ्हाइकाला कोणत्या वाटेनं?

सरकारी ऑफिसं आता जेमवरून, म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेसवरून बरीच खरेदी करतात. हे पोर्टल ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं. सिंदेवाहीतला दुकानदार तिथं नोंदणी करू शकतो, पण तिथं समोर दिल्लीचा, मुंबईचा विक्रेताही असतो. सगळ्यात कमी भाव ज्याचा त्याला ऑर्डर. शिवाय नावाजलेल्या ब्रँडचा माल टाकायला ब्रँडकडून रिसेलर म्हणून मान्यता लागू शकते. कुरियरनं डबा येणार असेल तर दिल्लीवाला नेहमी तुमच्यापेक्षा स्वस्त पडेल.

मग तुमच्याकडे काय आहे जे त्याच्याकडे नाही? तुम्ही अर्ध्या तासात तिथं पोहोचता. शुक्रवारी दुपारी प्रिंटर अडला, सोमवारी फाईल जायची आहे, तेव्हा कुरियर काय कामाचा? पावसाळ्यात कागदाला ओल लागते, प्रिंटर कागद अडकवतो. लोकांना वाटतं टोनर खराब आहे. तुम्ही येता, कोरडं रीम लावता, काम सुरू. ही सेवा ऑनलाइन मिळत नाही. आणि नेमकी हीच सेवा आपण फुकट देतो, डब्यावर मात्र दहा रुपयांसाठी भांडतो.

म्हणून वाटणी करा. बँक, मोठं ऑफिस : ओरिजिनल, कमी मार्जिन, रोख किंवा ठरलेली तारीख, आणि प्रत्येक व्हिजिटचं वेगळं बिल. झेरॉक्स, सेतूवाले : कॉम्पॅटिबल, रोख, गळलं तर बदलून. शाळा, ग्रामपंचायत, छोटी पतसंस्था : यांच्यासाठी पुढची कल्पना.

पानावर करार

ही कल्पना नवी नाही. आपण ज्या नावानं प्रतीला ‘झेरॉक्स’ म्हणतो, त्या कंपनीनं १९५९ मध्ये ९१४ नावाचं मशीन आणलं. मशीन महाग होतं. मग त्यांनी ते महिना ९५ डॉलर भाड्यानं दिलं, त्यात २००० प्रती मोफत, आणि त्यापुढच्या प्रत्येक प्रतीला काही सेंट. लोकांनी मशीन नाही, प्रती विकत घेतल्या. कंपनी त्यावरच मोठी झाली.

तेच छोट्या मापात करा. समजा एक शाळा महिन्याला ३००० पानं काढते. तिला सांगा, कागद तुमचा, टोनर-ड्रम-चक्कर माझी, पानाला ६० पैसे. महिन्याचे १८०० रुपये. तुमचा पूड आणि ड्रमचा खर्च पानाला २५ पैसे, म्हणजे ७५०. दोन चकरांचे ३००. उरले ७५०. हीच शाळा तुमच्याकडून दोन कॉम्पॅटिबल डबे घेऊन गेली असती तर डब्यामागे समजा २०० धरून ४०० सुटले असते, आणि चकरा मारल्या असत्याच.

शाळेलाही बरं. मुख्याध्यापकांना दर महिन्याचा आकडा आधीच कळतो, आणि परीक्षेच्या वेळी टोनर संपला म्हणून पळापळ नाही.

पण करार तोंडी नको. एका पानावर लिहा. मोजणी प्रिंटरच्या काउंटरवरून, बहुतेक लेझर प्रिंटरमध्ये टेस्ट पेजवर एकूण पानं दिसतात. कमीत कमी किती पानांचे पैसे लागतील. फोटो, काळी पानं जास्त असतील तर दर वेगळा. मशीन बंद पडलं तर पर्यायी मशीन कधी मिळेल. पैसे कोणत्या तारखेला. पाच ओळी, दोन सह्या. सुरुवातीला दोनच जागा घ्या, शक्यतो जवळच्या. तीन महिने खर्च लिहून ठेवा, मगच दर पक्का करा.

आणि जाता जाता एक. रिफिल करत असाल तर तोंडाला मास्क, दार उघडं, आणि सांडलेली पूड ओल्या फडक्यानं पुसा. घरातल्या व्हॅक्युम क्लीनरनं ओढू नका, बारीक पूड फिल्टरमधून परत हवेत येते. रिकामी कार्ट्रिज जाळू नका. ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटरसोबत कार्ट्रिजही येतात. गोणीत साठवा आणि अधिकृत रिसायकलरकडे पाठवा.

तर सुरुवातीचा प्रश्न, किती लावायचा भाव? डब्यावरून नका ठरवू. त्या गिऱ्हाइकाचं पान किती रुपयांना पडतं, पैसे किती दिवसांनी येतात आणि तुम्हाला किती चकरा पडतात, या तीन गोष्टींची बेरीज करा. ज्याच्या बाबतीत ही बेरीज जमत नाही, तो माल बाजूवाल्याला विकू द्या. तुमचं भांडवल वाचलं, हीसुद्धा कमाईच आहे.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या पाच नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावं लिहा. प्रत्येकापुढे गेल्या तीन महिन्यांतले डबे, चकरा आणि पैसे यायला लागलेले दिवस. वही नसेल तर फोनमधल्या बिलांचे फोटो बघा. कोण तुम्हाला जगवतो आणि कोण फक्त पळवतो, ते लगेच दिसेल. तुमचा अनुभव व्हॉइस नोटनं पाठवा, गिऱ्हाइकाचं नाव मात्र सांगू नका.

पुढच्या भागात जुना लेझर प्रिंटर विकत घेताना काय काय तपासायचं ते बघू. तोपर्यंत धंदा सांभाळा, तब्येत सांभाळा. भेटू.